तहानलेल्या धानाला संप्रेरकाचा आधार

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरांत रोज भात शिजतो. छत्तीसगडला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात खरे, पण इथली बरीच शेती अजून पावसाच्याच भरवशावर आहे. धान फुलोऱ्यात असताना पावसाने दडी मारली, तर लोंब्या पोचट राहतात आणि शेतकऱ्याच्या हाती नुसता पेंढा उरतो.

माणसाप्रमाणेच वनस्पतींतही संप्रेरके असतात. माती सुकू लागली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते. ते पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटवते, त्यामुळे पाणी वाचते. मात्र रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत शिरत नाही आणि अन्न तयार होणे मंदावते. रोप जगते, दाणा घटतो! म्हणूनच बाहेरून संप्रेरक द्यायचे तर मात्रा आणि वेळ अचूक साधावी लागते.

शिवाय नैसर्गिक आम्ल महाग असते आणि लवकर नाश पावते. हे आम्ल ओळखणारी प्रथिने २००९ साली सापडली. त्या आधारे कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये ‘ओपाबॅक्टिन’ हा त्याच्यासारखेच काम करणारा पदार्थ शोधला. त्याचा प्रयोग गव्हावरही झाला.

रायपूरकडे मात्र आणखी एक ठेवा आहे. डॉ. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात जमवलेली हजारो देशी धानवाणे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने जपली आहेत. तहान सोसण्याचा गुण अशा वाणांतही शोधता येतो. फवारणी ही फार तर जोड. पहिला भरवसा चांगल्या बियाण्याचाच!