व्हिक्टोरिया बंदराच्या काठाने

व्यापाराच्या निमित्ताने हाँगकाँगला जाणाऱ्या आपल्या समाजबांधवांची संख्या थोडी नाही. सुरतेत पैलू पाडलेला हिरा जगाच्या बाजारात पोहोचतो, तो पुष्कळदा या शहराच्या मार्गाने. परंतु विमानतळ, कचेरी, प्रदर्शन आणि पुन्हा विमानतळ एवढ्यातच बहुतेकांचा प्रवास संपतो. ज्या पाण्यामुळे हे शहर व्यापारी शहर झाले, त्याच्या काठाने तासभर पायी चालण्याची सवड क्वचितच काढली जाते. ती अवश्य काढावी.

कौलून बाजूच्या चिम शा चुई येथील स्टार फेरीच्या धक्क्यापासून सुरुवात करावी. पलीकडच्या हाँगकाँग बेटावर जाणाऱ्या या नौकांना दोन्ही टोके सारखीच असतात, त्यामुळे परतताना नौका वळवावी लागत नाही. उतारू फक्त बाकांची पाठ उलट बाजूस ढकलतात आणि समोर तोंड करून बसतात. ही सेवा उभी केली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. त्यांनी 1888 मध्ये कौलून फेरी कंपनी स्थापन केली आणि 1898 पासून ती स्टार फेरी या नावाने चालू लागली. वरच्या वर्गाच्या भाड्यात अवघ्या पाच सेंटांची वाढ झाली, तेव्हा 1966 मध्ये शहरात दंगली उसळल्या होत्या. सामान्य माणसाच्या जीवनात या नौकेचे स्थान काय होते, ते यावरून कळते.

धक्क्याशेजारीच लाल विटांचा आणि ग्रॅनाइटचा 44 मीटर उंच घड्याळ-मनोरा उभा आहे. 1915 मध्ये बांधलेला हा मनोरा म्हणजे कौलून-कँटन रेल्वेच्या जुन्या स्थानकाचा मूळ जागी उरलेला एकमेव भाग होय. 1975 मध्ये स्थानक हुंग हॉमला हलले. नागरिकांनी विरोध करूनही 1978 मध्ये जुनी इमारत पाडली गेली; मनोरा मात्र वाचला.

येथून पूर्वेकडे चालू लागले की डाव्या हातास सांस्कृतिक केंद्र व कला संग्रहालय लागते. उजव्या हातास पाणी, आणि पाण्यापलीकडे गगनचुंबी इमारतींमागे 552 मीटर उंचीचे व्हिक्टोरिया शिखर. पहाटे येथे वृद्ध मंडळी संथ लयीत ताय चीचा व्यायाम करताना दिसतात. पुढे चित्रपट-कलावंतांच्या सन्मानार्थ उभारलेला, 2004 मध्ये खुला झालेला तारकापथ आहे. तेथील ब्रूस ली यांच्या पुतळ्याजवळ छायाचित्रे घेणाऱ्यांची सदैव गर्दी असते.

मागच्या वस्तीत मोदी रोड नावाचा रस्ता आहे. हे नाव हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी मोठी देणगी देणारे पारशी व्यापारी सर होरमसजी नवरोजी मोदी यांचे. विद्यापीठाची कोनशिला 1910 मध्ये बसली. मात्र दानशूरतेच्या या इतिहासाला एक काळी किनार आहे. चीनशी होणाऱ्या त्या काळच्या व्यापारात अफूचा वाटा फार मोठा होता. हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती गेले, तेही 1842 मध्ये, पहिल्या अफूयुद्धाच्या अखेरीस. त्याआधीच्या पिढीत मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार होते आपले शेठ मोतीशा. भायखळ्याचे मंदिर, शत्रुंजयावरील टूंक आणि मुंबईची पांजरापोळ यांमुळे त्यांचे नाव आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, याचेही स्मरण या पाण्याकडे पाहताना होते. पूर्वजांचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या दानाबरोबर त्यांच्या काळाचे भान ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

पुढे चिम शा चुई पूर्व लागते. आपण चालतो ती येथील जमीन मूळची नव्हेच. समुद्रात भराव घालून ती निर्माण केलेली आहे. जमिनीचे मोल सोन्याहून अधिक, म्हणून दीडशे वर्षे दोन्ही काठांनी भराव पडत गेला आणि बंदर अरुंद होत गेले. अखेर वकील विन्स्टन चू यांच्यासारखे नागरिक पुढे आले आणि 1997 मध्ये बंदर-संरक्षणाचा कायदा झाला. सार्वजनिक गरज निर्विवादपणे सर्वोपरी असल्याचे सिद्ध झाल्याखेरीज भराव घालता येणार नाही, असा निर्णय अंतिम न्यायालयाने 2004 मध्ये दिला. नफ्याची भाषा सर्वांत अस्खलित बोलणाऱ्या शहराने स्वतःच्या हव्यासाला अशी सीमा घालावी, हे विशेष होय. परिग्रह-परिमाणाचे व्रत आपण व्यक्तीपुरते जाणतो. येथे एका नगरीने ते आपल्या परीने घेतलेले दिसते.

हा रस्ता हुंग हॉमकडे जातो. तेथील जुन्या औद्योगिक इमारतींत दागिने घडवणारे कितीतरी कारखाने आहेत.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. उन्हाळ्यात उकाडा, पाऊस आणि वादळांचा त्रास असतो. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम. तेव्हा सूर्यास्त सायंकाळी सहाच्या आतच होतो, म्हणून चौविहार करणाऱ्यांनी भोजन आधी उरकावे आणि मग निवांतपणे काठावर यावे. रात्री आठ वाजता इमारतींवर प्रकाशाचा खेळ होतो, तो विनामूल्य पाहता येतो. नेथन रोडच्या परिसरात भारतीय शाकाहारी भोजन सहज मिळते. चिनी बौद्ध उपाहारगृहांच्या पारंपरिक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र आले, कमळकंद आणि अळंबी त्यात सर्रास असतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

आणि परतीचा मार्ग शक्यतो नौकेचाच धरावा. जे पाणी भरावातून वाचले, ते कायद्याने राखलेले अंतर त्या काही मिनिटांत आपल्या डोळ्यांनी मोजता येते.