विश्लेषण : जुनी ‘फोर बाय फोर’ घेताय? गाडीवर भरवसा कधी ठेवायचा?

पाऊस तोंडावर आला की जुन्या गाड्यांच्या ॲपवर ‘फोर बाय फोर’च्या जाहिराती वाढू लागतात. ‘सिंगल ओनर, ४२ हजार किलोमीटर, ऑफ-रोड कधीच नेली नाही, एक रुपयाचे काम नाही’ हा त्यांतला ठरलेला मजकूर. सोबतच्या फोटोत मात्र गाडी बंपरपर्यंत चिखलाने माखलेली! नव्या गाडीच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळणारी अशी गाडी अनेकांना खुणावते. पण ती ताम्हिणीत किंवा आंबोलीत, मोबाइलला रेंज नसलेल्या वळणावर बंद पडली तर? जुनी फोर बाय फोर घेताना नेमके काय पाहावे आणि तिच्यावर विसंबून लांबच्या प्रवासाला कधी निघावे, याविषयी…

जुन्या फोर बाय फोरचे आकर्षण का?

या गाड्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत ‘विलीज’ जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे जीप हा शब्दच मराठीत रुळला. मारुतीची ‘जिप्सी’ डिसेंबर १९८५ मध्ये आली आणि लष्कर, पोलीस, वन विभाग यांच्यामुळे घरोघरी ओळखीची झाली. सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. महिंद्रची ‘थार’ २०१० मध्ये बाजारात आली, तर तिची पूर्णपणे नवी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी दाखल झाली. जिप्सी आणि पहिल्या पिढीची थार आता नवी मिळत नाही. त्यामुळे हौशी मंडळी, डोंगराळ भागातले शेतकरी आणि रिसॉर्टचालक जुन्या बाजाराकडे वळतात. मागणी टिकून असल्याने किमतीही लवकर उतरत नाहीत. म्हणूनच वाईट गाडी चांगल्या गाडीच्या भावात गळ्यात पडण्याचा धोका इथे जास्त.

प्रत्येक थार ‘फोर बाय फोर’ असते का?

नाही, आणि इथेच पहिली फसगत होते. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्रकारातही मिळू लागली. पहिल्या पिढीतील ‘डीआय’ थारमध्येही दोन चाकांचा पर्याय होता. बाहेरून या गाड्या जवळपास सारख्याच दिसतात. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’चा बिल्ला लावायला शंभर-दोनशे रुपये पुरतात. खरी खूण आत असते. गिअरच्या बाजूला दुसरा छोटा दांडा आहे का, त्यावर ‘टू-एच’, ‘फोर-एच’, ‘फोर-एल’ असे टप्पे आहेत का आणि गाडीखाली पुढच्या ॲक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आहे का, हे पाहावे.

सुरक्षेचाही फरक ध्यानात घ्यावा. २०२० च्या थारला ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत चार तारे मिळाले. पहिल्या पिढीच्या थारमध्ये आणि जिप्सीमध्ये एअरबॅगच नव्हत्या. कुटुंबासह महामार्गावर फिरण्यासाठी गाडी हवी असेल, तर हा मुद्दा इंजिनाइतकाच महत्त्वाचा.

साध्या मोटारीपेक्षा हिची तपासणी वेगळी का?

साध्या मोटारीत नसलेले बरेच भाग या गाडीत असतात : ताकद पुढे-मागे वाटणारा ट्रान्सफर केस, दुसरा डिफरन्शियल, दुसरा प्रोपेलर शाफ्ट आणि त्यांचे सांधे. इंजिन आणि गिअरबॉक्स धरले तर तेल पाच ठिकाणी असते. गॅरेजमध्ये त्यांपैकी नियमित बदलले जाते ते बहुधा फक्त इंजिनाचे.

दुसरे कारण पाण्याचे. घाट चढून आलेल्या गाडीचा डिफरन्शियल तापलेला असतो. अशी गाडी थेट ओढ्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. ही हवा आत-बाहेर होण्यासाठी एक छोटी नळी, म्हणजे ‘ब्रीदर’, दिलेली असते. ती चिखलाने बुजलेली असेल, तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्या दिवशी काहीच होत नाही. पाणी मिसळलेले तेल हळूहळू बेअरिंग आणि दात खात राहते आणि काही महिन्यांनी आवाज सुरू होतो. तोवर गाडीचा मालक बदललेला असू शकतो. त्यामुळे गाडी कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा ती कुठे फिरली आणि फिरून आल्यावर तिची काय देखभाल झाली, यावर तिचा भरवसा अधिक अवलंबून असतो.

तपासणी नेमकी कुठून सुरू करावी?

खालून. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन आपल्या ओळखीच्या, शक्यतो अशा गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला दाखवावी. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक टाळावा. पुढील गोष्टी पाहाव्यात :

चासी : या गाड्यांची बॉडी शिडीसारख्या लोखंडी चासीवर बसवलेली असते. पाटे किंवा सस्पेन्शन जिथे चासीला जोडलेले आहेत आणि बॉडीचे बोल्ट जिथे आहेत, तिथे गंज आधी धरतो. कोकण-गोव्यातली किंवा समुद्रकिनाऱ्यावर नेलेली गाडी असेल, तर हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पोपडे सुटले तर व्यवहार थांबवावा. जुन्या गाडीखाली नुकताच मारलेला काळाभोर रंग हीसुद्धा शंकेची जागा.

तेल : डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून थोडे तेल काढायला सांगावे. ते दुधाळ कॉफीसारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. तेलात लोखंडाचे बारीक कण चमकत असतील, तर दात किंवा बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

पुराच्या खुणा : ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये महापूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते का पाहावे. सीटखालच्या रुळांवरचा गंज, मॅटिंगखालची माती, हेडलाइटच्या आतला ओलसरपणा आणि कुबट वास याही खुणाच.

इंजिन : गाडी पाहायला जाण्याआधी ती सुरू करून ठेवू नका, असे विक्रेत्याला सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. थंड इंजिन कसे सुरू होते, यावरून बरेच कळते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे.

‘फोर बाय फोर’ चालते आहे, हे कसे ओळखावे?

डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाके ओढू लागली, असे नाही. बऱ्याच गाड्यांत तो केवळ दांडा किंवा बटण जागेवर गेल्याचे सांगतो. चाचणीसाठी गाडी मातीच्या मोकळ्या मैदानावर न्यावी. ‘फोर-एच’ टाकून सरळ चालवावी. मग थांबून, न्यूट्रलमध्ये ‘फोर-एल’ टाकावे. आता गाडी अगदी हळू पण दमदार चालायला हवी. दांडा अडकत असेल, आपोआप निसटत असेल किंवा खालून कटकट आवाज येत असेल, तर मोठा खर्च संभवतो. शेवटी पुन्हा ‘टू-एच’मध्ये सहज येता आले पाहिजे.

ही चाचणी कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर मात्र तो सगळा ताण शाफ्ट आणि दातांवर येतो. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे हवेत.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

तो एक पुरावा मानावा, एवढेच. मीटरचा आकडा बदलता येतो. शिवाय महामार्गावरचे ८० हजार किलोमीटर आणि खडकाळ वाटांवरचे २० हजार किलोमीटर यांची तुलना होत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात आणि प्रत्येक नोंदीतील तारीख व किलोमीटर जुळवून पाहावेत. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज आकड्याशी जुळते का, हेही पाहावे. टायरच्या कडेवर चार अंकी कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची, २० हजार किलोमीटर चाललेली आणि टायर २०२४ चे असतील तर कारण विचारावे.

विक्रेत्याची सोशल मीडियावरील जुनी छायाचित्रेही उपयोगी पडतात. ‘कधीच ऑफ-रोड नाही’ असे सांगणाऱ्याची गाडी तिथे नदीच्या पात्रात उभी दिसू शकते. ऑफ-रोड नेणे हा दोष नाही. उलट, नेली आणि आल्यावर तेल बदलले, असे बिलासह दाखवणारा मालक अधिक विश्वासाचा.

कागदपत्रांत कुठे अडकायला होते?

‘एम-परिवहन’ ॲपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि थकीत चलन तपासता येते. आरसीवरचा चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावा. जुन्या सुट्या भागांतून बांधलेल्या किंवा लष्करी लिलावातून आलेल्या जीपबाबत तर यात कुचराई नको. कर्ज फिटले असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०, परराज्यातील गाडीसाठी फॉर्म २८ लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. त्या घेताना इथला कर आणि पुनर्नोंदणीचा खर्च आधीच किमतीत धरावा.

उंच सस्पेन्शन, जाड टायर, बदललेले छत यांनी भुलू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. असे बदल पासिंगच्या वेळी आणि विम्याच्या दाव्यात आडवे येऊ शकतात. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपत आलेली असेल, तर नूतनीकरणाची तपासणी कोण करून घेणार, हे लेखी ठरवावे.

विकणाऱ्यालाही सावध राहणे भाग आहे. कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

घरी आणली, लगेच घाटात न्यावी का?

थोडे थांबावे. इतिहास माहीत नसेल तर सगळी तेले, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर आणि बेल्ट एकदा बदलून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. जुने झालेले ऑइल घाट उतरताना उकळू शकते आणि नेमक्या वेळी ब्रेक दगा देतात. या पहिल्या कामासाठी खरेदी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवलेली बरी. सगळे पैसे गाडीतच घातले की हीच कामे पुढे ढकलली जातात.

पहिले हजारभर किलोमीटर घराच्या आसपास चालवावेत. रात्री गाडीखाली रद्दीचा मोठा कागद पसरावा. सकाळी डाग कुठे आणि कशाचा आहे, हे पाहून गळती कळते. एका वहीत इंधन, इंजिन ऑइल आणि कूलंटची पातळी लिहीत जावी. पातळी स्थिर राहिली की एका दिवसाचा प्रवास, मग मुक्कामी, आणि त्यानंतर घाटवाटा. कच्च्या रस्त्यावर पहिल्यांदा जाताना सोबत दुसरी गाडी असावी. ओढण्याचा पट्टा, टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी आणि पाणी एवढे सामान कायम गाडीत ठेवावे.

भरवसा किती ठेवावा?

फोर बाय फोर गाडीला पुढे नेण्यासाठी असते, थांबवण्यासाठी नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना तिचा साध्या मोटारीपेक्षा जास्त उपयोग नसतो आणि उंचीमुळे वळणावर ती अधिक झुकते. पाण्याचेही तसेच. नव्या थारसाठी कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. ती सुस्थितीतल्या गाडीची मर्यादा आहे आणि वाहत्या पुराला ती लागू होत नाही. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतात आणि ही भरपाई ‘इंजिन प्रोटेक्ट’ कव्हर नसेल तर विम्यातून सहसा मिळत नाही.

पैशांचे नुकसान एक वेळ भरून निघेल. पण पुलावरून पाणी वाहत असताना गाडी उचलली गेली आणि टायर जमिनीवरून सुटले, की चार चाकांना ताकद मिळते की दोन, याला काहीच अर्थ उरत नाही. अशा वेळी कितीही विश्वासाची गाडी असली, तरी ती अलीकडेच उभी करून पाणी उतरण्याची वाट पाहावी.