गवारीची शेंग आणि स्पेनची गिटार

स्पेनच्या फ्लामेंकोतील 'सोलेआ'चे आवर्तन बारा मात्रांचे. पण म्हणून एकताल धरायला जाल तर फसाल! जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) तारा छेडता छेडता गिटारच्या लाकडावरही बोट आपटीत असे.

'जिप्सींचे पूर्वज हिंदुस्थानातले, तेव्हा हे संगीत मुळात आपलेच,' असे काही मंडळी म्हणतात. पूर्वजांचे खरे; पण आंदालुसियात घडलेल्या सुरांवर आपण हक्क कशाला सांगावा? आवडले, एवढे पुरे!

आमच्या वाकोल्यात संध्याकाळी विमान डोक्यावरून गेले, की गिटार क्षणभर बुडते. भाजी निवडणारी आई मात्रा मोजणे सोडीत नाही. सूर पुन्हा वर येतात, तेव्हा बरोबर दहाव्या मात्रेला तिच्या हातातली शेंग मोडते.