हिरवा ढेकूण : जीवनक्रम, यजमान वनस्पती आणि व्यवस्थापन

सोयाबीन मळणीनंतर दाणे सुरकुतलेले, डागाळलेले निघाले की आपण पावसाला किंवा बियाण्याला दोष देतो. मात्र शेंगा भरताना हिरव्या ढेकणाने रस शोषला असेल, तरीही दाणे असेच होतात. रिद्धपूर-मोर्शी पट्ट्यात सोयाबीन, तूर, कपाशी आणि संत्रा शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे या बहुभक्षी किडीला एक पीक संपले की दुसरे जवळच मिळते.

ओळख
शास्त्रीय नाव नेझारा विरिड्युला. प्रौढ ढेकूण हिरवा, ढालीच्या आकाराचा, सुमारे दीड सें.मी. लांब असतो. डिवचल्यास उग्र वास सोडतो.

जीवनक्रम
• अंडी : मादी पानाच्या खालच्या बाजूस पिंपाच्या आकाराची फिकट पिवळसर अंडी पुंजक्याने, ओळीत घालते. एका पुंजक्यात साधारण ३० ते १३० अंडी असतात. उबण्यापूर्वी ती गुलाबी-नारिंगी होतात. उष्ण हवेत ५ ते ७ दिवसांत पिल्ले निघतात.
• पिल्ले : पाच अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतील पिल्ले अंड्यांच्या कवचांभोवतीच घोळक्याने बसतात व पिकाचा रस शोषत नाहीत. दुसऱ्या अवस्थेपासून नुकसान सुरू होते. पुढे ती शेतात विखुरतात.
• प्रौढ : अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण पाच आठवडे लागतात. तापमानानुसार हा काळ कमी-जास्त होतो. प्रौढ उडून दुसऱ्या शेतात जातात.

यजमान वनस्पती
ही कीड शेंगा आणि फळांच्या मागे फिरते. ऑगस्टमध्ये मूग-उडीद, सप्टेंबरमध्ये सोयाबीन, हिवाळ्यात तूर व हरभरा, तर उन्हाळ्यात भाजीपाला तिला आधार देतात. कपाशीची बोंडे, टोमॅटो, चवळी आणि धुऱ्यावरील एरंडीवरही ती जगते.

नुकसान
कोवळ्या शेंगा वाळून गळतात. भरत्या शेंगेतील दाण्याला सोंड टोचल्यास तो आकसतो, डागाळतो आणि त्याची उगवणशक्ती घटते. घरचे बियाणे राखणाऱ्यांना हा फटका पुढच्या जूनमध्ये कळतो, तेव्हा दुबार पेरणीची वेळ येते.

व्यवस्थापन
१. शेंगा लागल्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी निरीक्षण करा. त्या वेळी ढेकूण उन्हासाठी झाडाच्या शेंड्याकडे बसलेले असतात. दोन ओळींत पांढरे कापड अंथरून झाडे हलवा व पडलेले ढेकूण मोजा.
२. सुरुवात धुऱ्यालगतच्या ओळींपासून करा. अंडीपुंज किंवा पिल्लांचा घोळका असलेले पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. एक पान तोडले की अख्खे पुंजके संपते, हीच सर्वात स्वस्त वेळ आहे.
३. काळपट पडलेली अंडी मात्र तोडू नका. त्यांत बहुधा ट्रिसोल्कस किंवा टेलेनोमस ही परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते.
४. खांद्यावर काटे असलेला तपकिरी ढेकूण अळी टोचून खाताना दिसला तर तो मित्रकीटक आहे. त्याला मारू नका.
५. सोयाबीन कापणीच्या वेळी शेजारच्या तुरीवर लक्ष ठेवा. विस्थापित प्रौढ तिकडेच वळतात.
६. फवारणी गरजेनुसारच करा. लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच कीटकनाशक, दिलेल्या मात्रेत वापरा आणि काढणीपूर्व कालावधी पाळा. मनाने औषधे मिसळू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जणांचा जीव गेला. हातमोजे, मास्क व पूर्ण कपडे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.

घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवणार असाल, तर ज्या भागात ढेकूण जास्त होते तो माल वेगळा काढा. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७० किंवा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण वापरा, कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. कीड ओळखण्यात शंका असल्यास नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.