६ जून १९४४ : नॉर्मंडीच्या स्वारीबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. मध्यरात्र उलटताच सुमारे २३ हजार सैनिक हवाई छत्र्यांनी आणि ग्लायडरांतून जर्मन फळीच्या मागे उतरले. उजाडल्यावर १ लाख ३२ हजारांहून अधिक सैनिकांनी समुद्रातून पाच पुळणी गाठल्या. यूटा, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि सोर्ड ही या पुळणींची पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना येणारी सांकेतिक नावे. लहानमोठी ६,९३९ जहाजे आणि होड्या या कामाला लागल्या होत्या. या दिवसावर इतके चित्रपट निघाले आणि इतकी पुस्तके लिहिली गेली, की तो सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. त्याच ओळखीतून काही चुकीच्या समजुतीही रुजल्या आहेत.

पहिली समजूत नावाबद्दलची आहे. ‘डी-डे’मधल्या ‘डी’चा अर्थ कोणी ‘निर्णय’ सांगतात, कोणी ‘मुक्ती’. प्रत्यक्षात ते ‘डे’ म्हणजे ‘दिवस’ या शब्दाचेच आद्याक्षर आहे. कोणत्याही मोहिमेची तारीख गुप्त असताना किंवा ठरायची असताना आराखड्यात तिच्या जागी ‘डी-डे’ आणि वेळेच्या जागी ‘एच-अवर’ लिहायचे, असा लष्करी प्रघात होता. अमेरिकी सैन्याने तो १९१८ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धातच, वापरला होता. नॉर्मंडीच्या संपूर्ण मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ओव्हरलॉर्ड’ होते आणि समुद्रमार्गे चढाई करण्याच्या टप्प्याचे ‘नेपच्यून’.

ही स्वारी म्हणजे मुख्यतः अमेरिकेचा पराक्रम, हा समज याहून खोल रुजला आहे. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटातील ओमाहा पुळणीवरचे दृश्य पाहिलेल्याच्या मनात डी-डे म्हणजे तेच दृश्य असते. सरसेनापती आयझेनहॉवर अमेरिकी होते, पण त्यांचे उपप्रमुख टेडर, जमिनीवरील फौजांचे सेनापती माँटगोमेरी, आरमाराचे प्रमुख रॅम्झी आणि हवाई दलाचे प्रमुख ली-मॅलरी हे चौघेही ब्रिटिश होते. पहिल्या दिवशी उतरलेल्या सुमारे १ लाख ५६ हजार सैनिकांपैकी ७३ हजार अमेरिकी होते, तर ८३ हजार ब्रिटिश आणि कॅनेडियन. १,२१३ युद्धनौकांपैकी बहुतेक ब्रिटन आणि कॅनडाच्या होत्या. जुनो पुळण कॅनडाच्या तिसऱ्या डिव्हिजनने घेतली. सोर्डवर फिलिप किफर यांच्या हाताखालचे १७७ फ्रेंच कमांडो स्वतःच्या मातृभूमीवर परतले. त्याच पुळणीसमोर नॉर्वेची ‘स्वेनर’ ही विनाशिका जर्मन टॉर्पेडोने बुडाली. अमेरिकी सैन्याचे पारडे जड झाले ते पुढच्या महिन्यांत.

इतिहासातील सर्वांत मोठी सागरी स्वारी हेही बिरुद सरसकट लावता येत नाही. जहाजांचा ताफा पाहिला तर ते योग्य आहे. पण पहिल्याच दिवशी समुद्रातून उतरवलेल्या डिव्हिजनांची संख्या आणि किनाऱ्याची लांबी मोजली, तर १० जुलै १९४३ ची सिसिलीची स्वारी नॉर्मंडीपेक्षा मोठी ठरते. नॉर्मंडीत कामी आलेले बरेचसे धडे तिथेच गिरवले गेले.

जर्मनांना दोस्तांनी पुरते फसवले होते, त्यांना नॉर्मंडीचा संशयही आला नव्हता, असे अनेकदा लिहिले जाते. फसवणूक झाली होती आणि ती विलक्षण होती. ‘फॉर्टिट्यूड’ या योजनेनुसार आग्नेय इंग्लंडमध्ये अमेरिकी सेनापती पॅटन यांच्या नावाने अस्तित्वातच नसलेली एक सेना उभी केली गेली. तिचे खोटे बिनतारी संदेश हवेत सोडले गेले. खुआन पुजोल या स्पॅनिश हेराने जर्मनांना पद्धतशीर खोटी माहिती पुरवली. तो ब्रिटिशांसाठी ‘गार्बो’ होता आणि जर्मनांना आपलाच माणूस वाटत होता. तरीही नॉर्मंडी जर्मनांच्या नजरेतून सुटले नव्हते. खुद्द हिटलरने त्या किनाऱ्याबद्दल शंका बोलून दाखवली होती आणि मे महिन्यात नॉर्मंडीतील कोतांतँ द्वीपकल्पात जादा फौज पाठवली गेली होती. फसवणुकीचे खरे यश ६ जूननंतर दिसले. ९ जूनला पुजोलने कळवले, की नॉर्मंडीची चढाई हा नुसता चकवा आहे आणि खरा हल्ला कॅले बंदराच्या बाजूला होणार आहे. जर्मनांची बलाढ्य पंधरावी सेना त्या हल्ल्याची वाट पाहत कित्येक आठवडे कॅलेजवळच बसून राहिली. जर्मनांनी पुजोलला ‘आयर्न क्रॉस’ दिला आणि ब्रिटिशांनीही त्याला सन्मान दिला.

‘अटलांटिक भिंत’ या नावानेही असाच घोटाळा केला आहे. नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत काँक्रीटचा अखंड तट होता, हे जर्मन प्रचाराने उभे केलेले चित्र होते. भक्कम बांधकाम मुख्यतः बंदरांभोवती आणि कॅलेच्या पट्ट्यात होते. बाकी ठिकाणी जर्मन सेनापती रोमेलने १९४४ च्या सुरुवातीपासून घाईघाईने सुरुंग पेरले आणि वाळूत लाकडी खांब व लोखंडी अडसर रोवले. बंदरावर सरळ चाल करण्याची किंमत दोस्तांना १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या दिएप बंदरात कळली होती. तिथे पाठवलेल्या सुमारे पाच हजार कॅनेडियनांपैकी ९०० हून अधिक मारले गेले आणि जवळजवळ दोन हजार कैद झाले. म्हणून या खेपेला बंदर जिंकण्याऐवजी बंदराचे भाग तयार करून सोबत ओढून नेण्याची योजना झाली. ‘मलबेरी’ नावाची दोन कृत्रिम बंदरे काँक्रीटच्या प्रचंड पेट्या समुद्रात बुडवून उभारली गेली.

हवामानाच्या बाबतीत दोस्तांना नशिबाने हात दिला, हा समज अर्धा खरा आहे. या स्वारीला एकाच वेळी तीन गोष्टी हव्या होत्या. छत्रीधारी सैनिकांसाठी रात्री चांदणे, तोफांचा नेम धरण्यासाठी उजाडल्यानंतरचा थोडा वेळ आणि त्याच सुमारास ओहोटी संपून चढू लागलेले पाणी. रोमेलचे अडसर भरतीच्या पाण्याखाली झाकले जात. ओहोटीला ते उघडे पडत, ते फोडून वाट करता येई आणि मागून चढणाऱ्या पाण्यावर पुढच्या होड्या आत येत. पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी सुमारे २० फूट चढते-उतरते. कोकणच्या किनाऱ्यावरील माणसाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. हे सारे जूनमध्ये फक्त ५, ६ आणि ७ तारखेला जुळत होते. शिवाय भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असल्याने पाचही पुळणींवर उतरण्याची वेळ एक ठेवता आली नाही. यूटा आणि ओमाहावर ती साडेसहाची होती, तर जुनोवर पावणेआठच्या पुढे गेली.

ठरलेला दिवस ५ जून होता. वादळामुळे तो रद्द झाला. हवामान विभागाचे प्रमुख जेम्स स्टॅग यांनी ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असे सांगितले आणि आयझेनहॉवर यांनी ५ जूनच्या पहाटे अंतिम होकार दिला. ही उघडीप स्टॅग यांना दिसली ती अटलांटिक महासागरातील निरीक्षणांमुळे. तो महासागर दोस्तांच्या ताब्यात होता, त्यामुळे जर्मनांकडे तिथली माहिती फारच तोकडी होती. अशा हवेत कोणी येणार नाही, असे धरून रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेला होता. आयझेनहॉवर मात्र यश गृहीत धरून बसले नव्हते. स्वारी फसली तर जाहीर करायचे निवेदन त्यांनी लिहून ठेवले होते. त्यात सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. त्यावर तारीख घालताना जूनऐवजी जुलै लिहिले गेले, यावरून त्या वेळचा ताण कळतो. स्वारी लांबणीवर पडली असती, तर भरतीच्या हिशेबाने पुढची संधी १९ जूनच्या आसपास होती. नेमके १९ ते २२ जून असे मोठे वादळ झाले, की ओमाहासमोरचे मलबेरी बंदर मोडून पडले.

हिटलर झोपला होता, त्याला उठवायची कोणाची छाती झाली नाही आणि म्हणून फ्रान्स गेला, ही कथा सांगायला सोपी आहे. तो सकाळी उशिरापर्यंत झोपला होता हे खरे. दोन राखीव रणगाडा डिव्हिजनांना हलवण्याची परवानगी दुपारनंतर मिळाली हेही खरे. पण २१ वी पँझर (रणगाडा) डिव्हिजन काँ शहराजवळच होती आणि तिच्यासाठी हिटलरची परवानगी लागत नव्हती. तिची एक तुकडी संध्याकाळी जुनो आणि सोर्ड यांच्या मधल्या फटीतून समुद्रापर्यंत पोचली आणि मागे फिरली. खरी उणीव वर आकाशात होती. त्या दिवशी दोस्तांच्या विमानांनी १४ हजारांहून अधिक उड्डाणे केली, जर्मनांची काही शेकड्यांवरच थांबली. दिवसाढवळ्या रस्त्याने जाणारा रणगाड्यांचा ताफा विमानांच्या तावडीत सापडणारच होता. त्यात रणगाडे किनाऱ्यालगत ठेवावेत असे रोमेलचे मत होते, तर ते मागे राखून ठेवावेत असे त्याचा वरिष्ठ रुंडश्टेट याचे. हिटलरने दोघांचेही थोडे थोडे ऐकले. त्यामुळे कुठलीच योजना धड अमलात आली नाही.

पाचही पुळणींवर ओमाहासारखाच संहार झाला, असे चित्र अनेकांच्या मनात असते. ओमाहावर उंच कडे होते, तुलनेने सक्षम अशी ३५२ वी जर्मन डिव्हिजन होती आणि आधीची बाँबफेक ढगांमुळे आतल्या शेतांत वाया गेली होती. पाण्यावर तरंगतील म्हणून एका अमेरिकी बटालियनने सोडलेल्या २९ रणगाड्यांपैकी २७ बुडाले. तिथे सुमारे २,४०० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. यूटावर हाच आकडा दोनशेच्या आत राहिला. पूर्ण दिवसातील दोस्तांच्या मृतांचा अंदाज बराच काळ अडीच हजार सांगितला जाई. व्हर्जिनियातील बेडफर्ड येथील राष्ट्रीय डी-डे स्मारकाने एकेक नाव तपासले, तेव्हा तो ४,४०० च्या पुढे गेला.

मात्र सर्वांत अन्यायकारक समज हा, की ६ जूनच्या संध्याकाळी लढाई संपली. काँ शहर पहिल्याच दिवशी घ्यायचे ठरले होते. त्याचा उत्तर भाग हाती आला तो ९ जुलैला. पाचही पुळणींची सलग फळी व्हायला १२ जून उजाडला. पश्चिमेकडे अमेरिकी फौज शेतांच्या उंच, झाडोऱ्याने माजलेल्या जुन्या बांधांत अडकली. प्रत्येक शेत वेगळे जिंकावे लागत होते, कारण प्रत्येक बांधामागे मशीनगन असू शकत होती. फालेझजवळ जर्मन सैन्याला पडलेला वेढा २१ ऑगस्टला पूर्ण झाला आणि पॅरिस २५ ऑगस्टला मुक्त झाले. तोपर्यंत दोस्तांचे दोन लाखांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. पहिल्या दिवसाची हानी या संख्येपुढे फार लहान दिसते.

नॉर्मंडीच्या लोकांनी मोजलेली किंमत तर गौरवकथांमध्ये क्वचितच येते. जर्मनांची कुमक अडवण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी काँ, सँ-लो, लिझ्यो यांसारखी शहरे उद्ध्वस्त केली. पहिल्या दोन दिवसांतच सुमारे तीन हजार नागरिक मेले. नॉर्मंडीच्या मुक्तीच्या काळातील नागरी मृतांची संख्या १४ ते २० हजारांच्या दरम्यान मानली जाते. ज्यांना सोडवायला फौजा आल्या, त्यांतलेच हे लोक होते. स्वारीच्या कोणत्याही हिशेबात त्यांना सैनिकांच्या बरोबरीने धरले पाहिजे.

डी-डेने महायुद्धाचा निकाल लावला, असे म्हणताना पूर्व आघाडी विसरली जाते. जर्मन सैन्याचा कणा स्टालिनग्राड आणि कुर्स्क येथे १९४३ मध्येच खिळखिळा झाला होता. नॉर्मंडीत फौजा बांधांत अडकलेल्या असताना, २२ जून १९४४ च्या सुमारास सोव्हिएत सैन्याने बेलारूसमध्ये ‘बाग्रातिओन’ मोहीम सुरू केली आणि काही आठवड्यांत जर्मनांचा मध्य सेनागट मोडून काढला. नॉर्मंडीमुळे जर्मनीला एकाच वेळी दोन्हीकडे लढावे लागले. युद्ध लवकर संपण्यात आणि पश्चिम युरोपाची सुटका होण्यात या स्वारीचा वाटा मोठा आहे.

इटलीची आघाडी तर नॉर्मंडीच्या सावलीत झाकोळून गेली. रोम मुक्त झाले ४ जूनला आणि दोनच दिवसांत ती बातमी मागे पडली. या आघाडीवर चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढत होत्या. जर्मनीच्या ज्या तुकड्या फ्रान्सला पाठवता आल्या असत्या, त्या या लढाईने इटलीत अडकवून ठेवल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. आपल्या तुकडीतले सारे साथीदार मारले गेलेले किंवा जखमी झालेले असताना त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल करून ती बंद पाडली होती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काँचा उत्तर भाग दोस्तांच्या हाती आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही घटना आहे.