सूर लागतो, पण खांदा का दुखतो?

गाणं शिकवताना गुरुजींचा कान सुरावर असतो, हात मांडीवर ताल देत असतो. शिष्याचा सूर केसभर उतरला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. पण त्याच शिष्यानं जबडा आवळलाय, खांदे कानाला टेकवलेत, श्वास रोखून धरलाय, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर ‘तोंड वाकडं करू नकोस’ एवढंच सांगितलं जातं, तेही लोक बघतात म्हणून!

मी तीसेक वर्षं हार्मोनियमची साथ करतो. पन्नाशीच्या सुमारास उजवा खांदा धरू लागला. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. पट्टी नीट दाबली गेली की नाही, हे बोटाला नव्हे, कानाला कळायचं. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. तीन आठवडे पेटी उघडली नाही, बरं वाटलं. पण पहिल्याच बैठकीनंतर दुखणं पुन्हा हजर. साथ बंद करावी लागणार, असं मनाशी धरूनच मी चाललो होतो.

त्या काळात एका मित्रानं मला फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या माणसाची गोष्ट सांगितली. जन्म १८६९ चा, टास्मानियातला. शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवायचे, हा त्याचा व्यवसाय. पण कार्यक्रमात त्याचा आवाज बसू लागला. विश्रांती घेतली की आवाज सुटायचा, मंचावर गेला की पुन्हा बसायचा. त्यानं सरळ हिशेब मांडला : बोलताना बिघडत नाही, म्हणून दाखवताना बिघडतं, तर म्हणताना मीच काहीतरी करत असलो पाहिजे. काय करतो, ते बघायला तो आरशासमोर उभा राहिला.

आरशात त्याला तीन गोष्टी दिसल्या. पहिला शब्द उच्चारायच्या आतच त्याचं डोकं मागे खेचलं जायचं, कंठ खाली दाबला जायचा आणि तोंडानं हवा ओढल्याचा आवाज यायचा. मग त्यानं डोकं पुढे ठेवायचं ठरवलं. ठेवलं, असं त्याला वाटलंही. बाजूला आणखी दोन आरसे लावून पाहिलं, तर डोकं अजून मागेच! आपण काय करतो आहोत, याबद्दलची आपली स्वतःची जाणीवच फसवी असू शकते, हा त्याला लागलेला खरा शोध. माझ्या मते त्याच्या साऱ्या पद्धतीचं मर्म एवढ्यातच आहे.

हे असं का होतं? स्नायू आणि सांधे आपली खबर मेंदूला सतत पाठवत असतात. पण रोज तीच ती खबर आली की मेंदू तिच्याकडे काणाडोळा करतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे आजोबा आपण पाहिलेले असतात. वर्षानुवर्षं उचललेल्या खांद्याचंही तसंच. तो उचललेला आहे हे कळतच नाही, उलट खाली सोडला तर चुकल्यासारखं वाटतं. म्हणून ‘खांदा सैल सोड’ असं सांगून तो सुटत नाही.

अलेक्झांडरनं यावर गमतीदार उपाय काढला. ओळ म्हणायचं ठरवायचं आणि ऐन वेळी म्हणायचीच नाही; तसंच उभं राहायचं, किंवा नुसता हात उचलायचा. हळूहळू जुनी सवय आपसूक उसळी मारेनाशी झाली. १९०४ साली तो लंडनला गेला आणि तिथे नटांना, गायकांना ही पद्धत शिकवू लागला. आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती शिकवली जाते. २००८ साली ब्रिटनमध्ये जुन्या पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; हे चोवीस धडे घेतलेल्यांचे दुखण्याचे दिवस वर्षभरानंतरही बरेच कमी होते. अर्थात ते पाठीचे रुग्ण होते, वादक नव्हेत.

आपल्याकडे वेगळ्या वाटेनं हेच एका मोठ्या कलावंताच्या वाट्याला आलं. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत आले, तेव्हा थकलेले होते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांना त्यांनी पाच मिनिटं दिली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं आणि ते चक्क झोपी गेले! भेट तीन तासांवर गेली. पुढे १९५४ साली मेन्युहिननी त्यांना घड्याळ भेट दिलं आणि त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक म्हणून त्यांचा उल्लेख कोरून घेतला. अय्यंगारांनी व्हायोलिन काही शिकवलं नव्हतं.

मी कपाटाच्या आरशासमोर सतरंजी टाकून पेटी मांडली. पट्टीला हात लागायच्या आधीच उजवा खांदा वर! डावा हात भात्यावर जाताना सगळं अंग एका कुशीला कललेलं. द्रुत ताना काढू लागलो की दात आवळलेले आणि श्वास बंद. गाणारा दुसराच असतो, पण दम मी कोंडायचो. बायको म्हणाली, “हे मी लग्नापासून बघते आहे.” मग सांगितलं का नाही? तर तिला वाटलं, पेटी अशीच वाजवतात.

घडी घातलेली सतरंजी बैठकीखाली घेतली, त्यामुळे कंबर सरळ झाली. रोज दहा मिनिटं हात पट्टीपर्यंत न्यायचा आणि वाजवायचं नाही. पहिला महिना फार कंटाळवाणा गेला. बोटं बधिर होत असतील तर आधी डॉक्टरांकडेच जावं, आरसा त्यानंतरचा. तपासणीही मी पुन्हा करून घेतली.

करंगळीला अजून कधीमधी मुंग्या येतात, बहुधा द्रुत चढल्यावर. तेव्हा मी एखादं आवर्तन नुसता षड्ज धरतो आणि खांदा कुठे गेलाय ते बघतो. परवा मैफलीनंतर गायकबुवांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, “काय समंजस साथ केलीत हो, गाण्याला अगदी मोकळी जागा दिलीत.”