हमी नसताना सोबत

आमच्या यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टरांनी आशा दाखवली, पण हमी दिली नाही. औषध लागू पडतंय की नाही, हे पुढच्या पेट स्कॅनमध्येच कळणार होतं. अशा काळात जोडीदाराने करायचं तरी काय?

पहिलं काम, लिहून ठेवणं. मी दोनशेपानी वही घातली: केमोची तारीख, पांढऱ्या पेशींचा आकडा, ताप, जेवण, झोप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी सकाळची वाट पाहायची नाही; लगेच रुग्णालयाला कळवायचं. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉलही द्यायचं नाही, कारण तापामागचा संसर्ग झाकला जातो. थर्मामीटर यांच्या उशाशीच असे.

दुसरं, प्रश्न आधीच लिहून न्यावेत. ‘बरे होतील ना?’ यापेक्षा ‘स्कॅन चांगला आला नाही, तर पुढे काय?’ याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं.

तिसरं, धीराचा मारा करू नये. ‘काही होत नाही हो,’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे आणि हे भिंतीकडे तोंड करून पडत. मी म्हणायची, ‘‘अहो, भीती वाटत असेल तर बोला. मलाही वाटते.’’ मग हे बोलते होत, कधी मऊ भाताचे चार घासही जात.

आणि स्वतःचं जेवण, झोप, बीपीची गोळी चुकवू नका. बहिणीकडे, शेजारणीकडे एखादी रात्र हक्काने मागा. सोबतीचं माणूसच आडवं झालं, तर रुग्णाचे हाल होतात.